सभागृह बंद, टपाल चालू

सभागृहाला कुलूप लागले, तर लोकांनी निवडून दिलेल्या माणसाने काय करायचे? आज हा प्रश्न आपल्याला फारसा पडत नाही. पण आपल्या मुंबई प्रांतावर अशी वेळ येऊन गेलेली आहे, आणि ती थोडीथोडकी नव्हे, सहा वर्षांहून अधिक काळ टिकली.

सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले. हिंदुस्थानातल्या कोणालाही न विचारता व्हाइसरॉयने देश युद्धात असल्याचे जाहीर केले. त्याच्या निषेधार्थ काँग्रेसची प्रांतिक मंत्रिमंडळे पायउतार झाली. मुंबईत बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि १९३५ च्या कायद्यातल्या ९३ व्या कलमानुसार सगळा कारभार गव्हर्नरच्या हाती गेला. विधानसभेची अधिवेशने थांबली. १९४६ साली नव्या निवडणुका होईपर्यंत हीच स्थिती होती. म्हणजे १९३७ साली निवडून आलेले आमदार नावाला आमदार होते, पण त्यांना प्रश्न विचारायला जागा नव्हती, बोलायला व्यासपीठ नव्हते, विधेयक मांडायला पटल नव्हते.

मग त्यांच्या हाती उरले काय? कागद, शाई आणि पोस्टाचे तिकीट. म्हणूनच युद्धकाळातल्या लोकप्रतिनिधीचे काम समजून घ्यायचे, तर त्याच्या भाषणांपेक्षा त्याच्या कार्यालयातला पत्रव्यवहार वाचावा लागतो. आज मी त्याच दफ्तराविषयी सांगणार आहे, आणि उदाहरण घेणार आहे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे.

बाबासाहेबांचे नाव घेतले की आपल्या डोळ्यांसमोर राज्यघटना येते. पण त्याच्या दहा वर्षे आधी ते मुंबई विधानसभेचे सदस्य होते. ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि पुढल्याच वर्षी ते मुंबईतून निवडून आले. विधानसभेचे पावसाळी अधिवेशन त्या वेळी पुण्यात कौन्सिल हॉलमध्ये भरत असे. कोकणातली खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक बाबासाहेबांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मांडले ते पुण्याच्याच अधिवेशनात. त्या काळी मुंबईहून पुण्याला येणारा प्रत्येक आमदार आमच्या लोणावळ्याच्या स्टेशनावरून पुढे जात होता. घाट चढून आलेली गाडी इथे थोडी दम खाते, हे तेव्हाही खरे होते.

आता आमदाराच्या टेबलावर येणारे पत्र निघते कुठून, ते पाहू. माझे आजोबा वडगावला मामलेदार कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देत. अशा माणसाला अर्जनवीस म्हणत. नाव मुसलमानी, पण मोडी वळणदार आणि मराठी नेमकी. समोर येणाऱ्या माणसाला सगळे एका दमात सांगायचे असे: जमीन, भाऊबंदकी, तलाठी, आजारी बैल. आजोबा त्यातून तीन गोष्टी काढत. तुमचे नाव-गाव काय, तुमच्यावर नेमके काय गुदरले, आणि तुम्हाला नेमके काय हवे. ते म्हणत, अर्जात रडू नये, मागावे. लोकप्रतिनिधीच्या दफ्तरातले हजारो कागद अशाच कोणातरी अर्जनवीसाच्या, शाळामास्तराच्या, नाहीतर गावात शिकलेल्या एकुलत्या एका पोराच्या हातचे असतात. मागणारा एक, लिहिणारा दुसरा, असा तो मामला असतो. म्हणून जुना अर्ज वाचताना त्यातला आवाज कोणाचा आणि भाषा कोणाची, हे वेगळे करता आले पाहिजे.

ही भाषाही मोठी गमतीची आहे. मी कवी, त्यामुळे शब्दांकडे लक्ष जातेच. अर्ज, तारीख, दफ्तर, मजकूर, मसुदा, नकल, हुकूम, सही, शिक्का हे सगळे शब्द अरबी-फारसीतून आले आणि मराठीत कायमचे राहिले. पत्राच्या शेवटी आपण ‘ता. क.’ लिहितो, तो ‘ताजा कलम’. म्हणजे सही करून झाल्यावर पुन्हा ओली केलेली लेखणी. इतिहासकाराला या ताज्या कलमाचे फार अगत्य असते. वरचा मजकूर विचार करून लिहिलेला असतो, पण मनात खरोखर घोळत असलेली गोष्ट पुष्कळदा खाली ता. क. मध्ये येऊन बसते.

आलेले पत्र कार्यालयात शिरले की त्याचे काय होते? आधी आवक नोंदवहीत त्याला क्रमांक मिळतो. मग कोणीतरी ते वाचून कोपऱ्यात पेन्सिलीने शेरा मारतो: ‘कलेक्टरांना लिहावे’, ‘माहिती मागवा’, ‘भेटीस बोलवा’. मग उत्तराचा मसुदा होतो, त्यात खाडाखोड होते. शेवटी टंकलेखन यंत्रावर दोन कागदांमध्ये कार्बन घालून पत्र उमटते. वरचा जाड कागद टपालात जातो, खालचा पातळ कागद फाइलला लागतो. इंग्रजी पत्राच्या डाव्या कोपऱ्यात खाली बारीक अक्षरे दिसतात. पहिली अक्षरे मजकूर सांगणाऱ्याची, दुसरी तो टाइप करणाऱ्याची. कितीतरी लेखनिकांची जगात उरलेली खूण म्हणजे ही दोन अक्षरे. ज्यांनी रात्री जागून दुसऱ्याचे शब्द कागदावर उतरवले, त्यांचे नाव शोधायला आपल्याला त्या कोपऱ्यापर्यंत जावे लागते.

बाबासाहेबांपाशी सरकारी थाटाचे मोठे कार्यालय आमदारकीच्या काळात नव्हते. चळवळीतली माणसे हाच त्यांचा कर्मचारीवर्ग. सुरुवातीच्या काळात सीताराम शिवतरकर होते, पुढे कमलाकांत चित्रे होते. बाबासाहेबांच्या अखेरच्या वर्षांत दिल्लीत नानकचंद रत्तू होते. रत्तू पंजाबातले. दिवसा सरकारी नोकरी करायची आणि संध्याकाळी येऊन बाबासाहेबांचे टंकलेखन करायचे, असा त्यांचा क्रम होता. बाबासाहेबांच्या पश्चात त्यांच्या वापरातल्या वस्तू रत्तूंनी जपल्या. नागपूरजवळ चिंचोलीच्या शांतिवनात त्या आज पाहायला मिळतात, त्यात टंकलेखन यंत्रही आहे.

पण या पत्रव्यवहारातले सर्वांत मोलाचे नाव आहे नाशिकचे कर्मवीर दादासाहेब तथा भाऊराव गायकवाड यांचे. तेही मुंबई विधानसभेचे सदस्य होते. बाबासाहेब मुंबईत, नंतर दिल्लीत, आणि भाऊराव नाशिक जिल्ह्यात लोकांमध्ये. दोघांमधला दुवा टपालाचा. सभा कुठे घ्यायची, कोणाला उभे करायचे, ‘जनता’ साप्ताहिकाचा खर्च कसा भागवायचा, कोणाचे भांडण मिटवायचे, असे विषय या पत्रांत येतात. काही पत्रे इंग्रजीत, काही मराठीत. भाऊरावांनी ती नीट ठेवली, म्हणून आज आपण वाचू शकतो. शंकरराव खरात यांनी बाबासाहेबांच्या पत्रांचे संकलन केले आणि पुढे महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेतही पत्रव्यवहाराचा २१ वा खंड निघाला.

इथे एक साधी गोष्ट ध्यानात घ्या. पत्र लिहिणाऱ्याच्या घरी राहत नाही, ते ज्याला लिहिले त्याच्या घरी राहते. म्हणून मोठ्या माणसाचे दफ्तर त्याच्या स्वतःच्या कपाटात अर्धेच सापडते. उरलेले अर्धे शेकडो घरांत विखुरलेले असते, कोणाच्या ट्रंकेत, कोणाच्या देवघरात, कोणाच्या तसबिरीमागे. आणि पुष्कळदा मोठ्या माणसाची पत्रे जपली जातात, त्याला आलेली मात्र हरवतात. मग आपल्याला उत्तर वाचायला मिळते आणि प्रश्न काय होता याचा अंदाज बांधत बसावे लागते.

युद्धकाळाने या पत्रव्यवहारावर आपला ठसा उमटवला आहे. भारत संरक्षण नियमांखाली टपाल उघडून तपासले जाई. त्या काळच्या कितीतरी लिफाफ्यांवर सेन्सॉरने उघडल्याची चिठ्ठी डकवलेली दिसते. आपले पत्र तिसराच माणूस वाचणार आहे, हे ठाऊक असताना माणूस वेगळे लिहितो. नावे टाळतो, ‘भेटीत बोलू’ म्हणतो. जे लिहिलेले नाही त्याकडेही वाचणाऱ्याला लक्ष ठेवावे लागते. शिवाय कागदाची टंचाई होती. कागद पाठपोट वापरला जाई, समासही मोकळा सोडत नसत. त्यामुळे युद्धकाळातले कागद ओळखायला सोपे आणि टिकवायला अवघड असतात.

विषयही युद्धाचेच. सैन्यात महारांची भरती इंग्रजांनी पूर्वी थांबवली होती. पहिल्या महायुद्धात १९१७ साली १११ महार ही पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली गेली. ही भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून बाबासाहेबांनी सरकारकडे सतत पाठपुरावा केला. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. त्याच वर्षी सरकारने महार वतनावरचा कर वाढवला, त्याविरुद्ध ऑगस्टमध्ये सिन्नरला परिषद झाली आणि गव्हर्नरांकडे गाऱ्हाणे गेले. विचार करा, एकीकडे सैन्यात घ्या म्हणून सरकारला लिहायचे आणि दुसरीकडे याच सरकारच्या कराविरुद्ध लोकांना उभे करायचे. सभागृह उघडे असते, तर हे दोन्ही विषय चर्चेत आले असते, वृत्तान्तात छापले गेले असते. ते बंद असल्यामुळे त्यांचा इतिहास पत्रांत आणि ठरावांत शोधावा लागतो.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून दिल्लीला गेले. आता पत्रांची जात बदलली. खासगी पत्र वेगळे, अर्धशासकीय पत्र वेगळे आणि निवेदन वेगळे. खासगी पत्रात माणूस मन मोकळे करतो. अर्धशासकीय पत्र एक अधिकारी दुसऱ्याला नावाने लिहितो, पण ते फाइलला लागणार हे दोघांनाही ठाऊक असते. निवेदन हे तर पुराव्यानिशी मांडलेले कैफियतपत्रच. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी बाबासाहेबांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे असे एक सविस्तर निवेदन दिले. नोकऱ्या, शिक्षण, प्रतिनिधित्व असे एकेक कलम घेऊन त्यात मागण्या केल्या आहेत. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९४३ मध्ये, केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखून ठेवण्याचा निर्णय झाला. उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्याही सुरू झाल्या. कोणा एका गावच्या मुलाला कॉलेजात जाता आले, त्यामागे असा एक टाइप केलेला कागद होता. आमचे आजोबा सांगत तेच सूत्र इथेही दिसते: रडायचे नाही, मागायचे.

पत्रव्यवहार वाचताना एक पथ्य मात्र पाळावे. पत्रातले वाक्य म्हणजे शिलालेख नव्हे. ते एका दिवशी, एका माणसाला, एका मनःस्थितीत लिहिलेले असते. एखादी ओळ उचलून फलकावर लावायची आणि तारीख, संदर्भ, समोरचा माणूस सगळे विसरायचे, ही सवय आपल्याकडे वाढली आहे. उदाहरण घेऊ. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. त्याच्या सुरुवातीच्या भाषणांवरून कोणालाही वाटेल की देवदर्शन हाच हेतू होता. पण ३ मार्च १९३४ च्या पत्रात बाबासाहेबांनी भाऊरावांना स्वच्छ कळवले की मूर्तिपूजेसाठी हा लढा नव्हता, दलित समाजात चेतना यावी, त्याला आपल्या स्थितीची जाणीव व्हावी, म्हणून होता. हे पत्र वाचल्याशिवाय तो सत्याग्रह कळत नाही. आणि चार वर्षांचा लढा माहीत नसेल, तर नुसते हे पत्रही कळत नाही. दोन्ही शेजारी ठेवून वाचावे लागते.

त्या काळातले हे एकच दफ्तर नाही. कामगारांचे पुढारी नारायण मल्हार जोशी यांचे पाहा. ते दिल्लीच्या मध्यवर्ती विधानसभेत होते, आणि ते सभागृह युद्धातही चालू होते. त्यामुळे ना. म. जोशींचे काम सभागृहाच्या छापील वृत्तान्तातही सापडते आणि पत्रांतही. त्यांचे कागद दिल्लीत तीन मूर्ती भवनाच्या संग्रहालयात आहेत. जिथे दोन साधने असतात, तिथे एकाने दुसरे तपासता येते. मुंबई प्रांताच्या आमदारांबाबत ती सोय नाही. म्हणून त्यांचा एकेक कागद अधिक मोलाचा.

आणि हे कागद किती सहज नष्ट होतात! ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. त्यांच्या मागे राहिलेल्या कागदपत्रांच्या पेट्या वर्षानुवर्षे कोर्टाच्या ताब्यात पडून होत्या. त्याआधी, १९६७ च्या जानेवारीत, दिल्लीत अलीपूर रोडवरच्या घरातले पुष्कळ कागद खोली रिकामी करताना उघड्यावर टाकले गेले आणि पावसात भिजले. त्यांत काय होते ते आता कधीच कळणार नाही. महाराष्ट्र शासनाने १९७६ साली चरित्र साधने प्रकाशन समिती नेमली, वसंत मून यांनी पेट्यांतला एकेक कागद उलगडला, आणि १९७९ च्या आंबेडकर जयंतीला पहिला खंड बाहेर आला. मुंबई विधिमंडळातल्या कामाचा दुसरा खंड आणि कार्यकारी मंडळातल्या कामाचा दहावा खंड त्याच कष्टांतून निघाले.

आता आपल्या मावळाकडे येऊ. बाबासाहेबांचे एक घर तळेगाव दाभाडे इथे होते. देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. युद्ध तर आपल्या दारापर्यंत आले होते. देहूरोडला दारूगोळ्याचे कोठार उभे राहिले. लोणावळ्यात फेब्रुवारी १९४५ मध्ये आरमाराचे ‘शिवाजी’ हे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्यावर तिकडचा तांदूळ बंद झाला, मुंबईत १९४३ साली रेशनिंग आले आणि भात पिकवणाऱ्या भागांवर सरकारची नजर वळली. अशा दिवसांत कोणी सैन्यात गेला असेल, कोणाची जमीन गेली असेल, कोणाचे भात उचलले गेले असेल. त्यांनी अर्ज केले असतील, त्यांना उत्तरे आली असतील. ती उत्तरे सरकारी दप्तरखान्यात नसली, तर तुमच्याच घरात असण्याचा संभव आहे.

पण आपल्याकडे पाऊस आहे. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. ओल, बुरशी, कसर आणि वाळवी यांना आपल्या ट्रंका फार आवडतात. त्यात जुने वाडे पडताहेत, इमारती उठताहेत आणि माळ्यावरचे बोचके रद्दीवाल्याकडे जाते आहे. यात फक्त इतिहास जात नाही, हक्कही जातो. धरणात जमिनी गेलेल्या पवन मावळातल्या लोकांना विचारा. एका जुन्या नोटिशीची किंमत त्यांना ठाऊक आहे.

म्हणून घरात जुने कागद असतील तर एवढे करा. टाचण्या आणि क्लिपा काढून टाका, त्यांचा गंज कागद खातो. कडक उन्हात वाळवू नका, सावलीत वाऱ्यावर ठेवा. चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका, ते पुन्हा काढता येत नाही. घडी उलगडून कागद सपाट ठेवा, धुतलेल्या सुती कापडात बांधा. पेशवे दफ्तराचे लाखो कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात रुमालांत बांधूनच टिकले आहेत. लिफाफा फेकू नका, टपालाच्या शिक्क्यावर तारीख आणि गाव असते. कोणाचे पत्र, कोणाला, हे वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून सोबत ठेवा. फोटो काढून ठेवा आणि वाचता येत नसेल तर मोडी जाणणाऱ्याला दाखवा.

शेवटी आजच्या आमदार-खासदारांविषयी. सरकारी कार्यालयांच्या अभिलेखांसाठी १९९३ चा केंद्राचा कायदा आहे. लोकप्रतिनिधीचे स्वतःचे संपर्क कार्यालय मात्र खासगी मानले जाते. मुदत संपली की तिथल्या फाइली कुठे जातात, हे कोणी विचारत नाही. आता तर निम्मी गाऱ्हाणी मोबाइलवरच्या निरोपातून जातात आणि फोन बदलला की पुसली जातात. आपण मत मागायला आलेल्या माणसाला रस्ता, पाणी, दिवे यांविषयी विचारतो. यापुढे आणखी एक प्रश्न विचारायला हरकत नाही: आम्ही दिलेल्या अर्जांचे तुम्ही काय करता, ते कुठे ठेवता? आणि अर्ज देताना त्याची एक नकल तारीख घालून, पोच घेऊन घरी ठेवा. पन्नास वर्षांनी कोणीतरी ती शोधत येईल.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)